दार लाव, कायतान!

माझा थोरला भाऊ कायतान इंग्लंडात स्विंडनला माझ्याकडे राहायला आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरून दूध घेऊन परतले तर घराचं पुढचं दार सताड उघडं! चोर तरी शिरला असणार, नाहीतर कायतानला काहीतरी झालं असणार. धावत आत गेले. कायतान स्वयंपाकघरात बनियनवर उभा राहून गावाहून आणलेला खारा बांगडा भाजत होता.

"दार कुणी उघडलं?"

"मी," तो म्हणाला. "सकाळ झाली ना."

गावी सकाळ झाली की दार उघडतं ते झोपायच्या वेळी लागतं. मधेच कधी लागलेलं दिसलं तर लोक विचारायला येतात, घरात कोण आजारी आहे म्हणून. हे मलाही ठाऊक आहे, मी काही आभाळातून पडलेले नाही. पण महिना नोव्हेंबरचा, बाहेर हाताला हात दिसत नाही असं धुकं, आत हीटर चालू.

"अरे, स्विंडनची गल्ली तापवतोयस का? दार लाव, कायतान!"

"मग वास कुठून जाणार?" बांगडा उलटत तो म्हणाला.

मी दार लावलं. मी वर जाऊन खाली येईपर्यंत त्याने ते परत उघडलं होतं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं.

कायतानची सगळी उमर बोटीवर गेली. प्रवासी बोटीच्या लाँड्रीत साहेब लोकांच्या चादरी धुतल्या, इस्त्र्या केल्या, आणि सुट्टीवर आला की गावात मान वर करून हिंडला. "इंग्लंड मला काही नवीन नाही," विमानतळावरून घरी येईपर्यंत त्याने मला तीनदा सुनावलं. त्याचं इंग्लंड मला माहीत होतं. साऊदॅम्प्टनच्या धक्क्याला बोट लागायची, अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची, तेवढ्यात हा चॉकलेटं आणि टाल्कम पावडर घेऊन परत बोटीवर. संपलं इंग्लंड.

त्याची बायको सांतान गेली, मुलगा कुवेतला. गावच्या घरात हा आणि एक मांजर. मी इथे एकटी. नवरा जाऊन वर्षं झाली, मुलगी लग्न करून ब्रिस्टलला. आमचे आईबाप पोर्तुगीजांच्या अमलात जन्मलेले, त्यांची नावं लिस्बनच्या दप्तरात आहेत, त्यामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट त्याच्याकडेही होता. मी त्याला फोनवर म्हटलं, दोघं एका घरात राहिलो तर एका चुलीवर भागेल. हेच कारण सांगितलं. खरं म्हणजे रात्री जेवायला बसल्यावर मला समोर माणूस हवं होतं. पण असलं काही भावाला सांगतात का? लगेच डोक्यावर चढून बसला असता.

तसा तो न सांगताही बसलाच.

इथे कसं राहायचं ते मी इतक्या वर्षांत बरोबर शिकले होते. शेजारी दिसला की हसायचं, हवेबद्दल चार शब्द बोलायचे, आत जायचं, दार लावायचं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. गोदामात पहाटेच्या पाळीला जायचं, दुपारी यायचं. आमच्या गल्लीत कुणाची माझ्याबद्दल कधी तक्रार नव्हती. माझं नावसुद्धा कुणाला माहीत नसेल, इतकी मी सरळ वागत होते.

आणि हा! आठवडा झाला नाही तोच स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून दाराबाहेर पायरीशी नेऊन बसला. आमच्या घरांना पुढे अंगण नाही. दार, एक पायरी, की लगेच फूटपाथ. तिथे हा डोक्याला लोकरी टोपी घालून, पाय पसरून, राजासारखा.

"हे काय मांडलंयस?"

"बाल्कांव," तो म्हणाला.

"बाल्कांव गावी! दोन बाजूंना दगडी बाकं, पुढे अंगण, त्याला बाल्कांव म्हणतात. हा रस्ता आहे!"

"अगो बाय, घर आहे तर बाल्कांव नको? बाहेर बसायला जागा नाही ते घर कसलं? ते तुझं गोदाम."

नुसता बसता तर मी सोसलं असतं. पण बाल्कांवात बसलेला माणूस तोंड मिटून बसतो का कधी? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, "कुठे निघालात?" बाजारातून कुणी आलं की, "काय आणलं आज? मासळी आहे का?" त्याचं बोटीवरचं इंग्रजी, आणि आवाज असा की इंजिनाच्या घरघरीवरून ओरडतोय. मी आत पडद्यामागे कानांत बोटं घालून उभी. इंग्रज माणसाला कुठे निघालास म्हणून विचारायचं? त्यापेक्षा त्याच्या खिशात हात घातलेला बरा.

समोरच्या घरातल्या मॉरीनबाईला त्याने पिशवीत काय आहे म्हणून विचारलं त्या दिवशी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. मॉरीन थांबली. तिने पिशवीकडे पाहिलं, कायतानकडे पाहिलं, आणि मग एकेक करून सगळं बाहेर काढून दाखवलं. हा फ्लॉवर हातात घेऊन उलटासुलटा करून बघतोय आणि मान हलवतोय, शिळा आहे म्हणून!

मग पार्सलं आली. या देशात लोक सगळं घरपोच मागवतात आणि स्वतः घरी नसतात. पार्सलवाले बिचारे बंद दारं ठोठावत गल्लीभर हिंडतात. त्यांना एक उघडं दार आणि दारात बसलेला माणूस सापडला, म्हणजे घबाडच सापडलं. सगळ्या गल्लीची पार्सलं माझ्या घरात. कायतान झोकात सही ठोकायचा. दाराच्या आतल्या माझ्या बोळात पाय ठेवायला जागा नाही. ज्या कुत्र्याचं मी कधी तोंड पाहिलं नाही त्याच्या खाण्याच्या पोत्याला अडखळून मी पडता पडता वाचले.

"हे पोस्ट ऑफिस आहे का?"

"बरं झालं की. संध्याकाळी येतात लोक न्यायला. दोन शब्द होतात."

दोन? एकेक माणूस अर्धा अर्धा तास दारात उभा. ऊब चालली बाहेर, आणि हा त्यांच्या हातावर दोदोलच्या फोडी ठेवतोय. ब्रिस्टलहून मुलीने खास माझ्यासाठी आणलेला, नारळगुळाचा दोदोल! एवढं असूनही दुपारचं जेवण झालं की बाल्कांव बंद, कारण साहेब झोपणार. दुपारची झोप त्याने बोटीवर सोडून बाकी कुठेही चुकवली नाही. एकदा डोळा लागला की चार वाजेपर्यंत कानाशी नगारा वाजवा, ढिम्म हलणार नाही. उठायचा तोवर इथे अंधारून येतं. मग परत टोपी, परत खुर्ची, अंधारात!

आणि एके दिवशी संध्याकाळी माझ्या दारात पोलीस आले.

एक तरुण बाई होती, टोपी काखेत धरून, अगदी गोड बोलणारी. कुणीतरी फोन केला होता, म्हणाली. एक म्हातारे गृहस्थ कोटाशिवाय थंडीत घराबाहेर बसलेले असतात, दार उघडं असतं, त्यांना घरात कुणी त्रास तर देत नाही ना, एवढंच पाहायला आले.

त्रास! मी! त्याला!

कायतानने तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली. वर विचारलं, "जेवलीस का?" ती हसली, सगळं ठीक आहे म्हणाली, गेली. पण तिची गाडी घरासमोर उभी असताना समोरच्या खिडकीतला पडदा हलला तो मी पाहिला. लाजेने मेले मी. आमच्या सात पिढ्यांत पोलीस दारात आला नव्हता. नवरा असताना नाही, नवरा गेल्यावर नाही.

दार लावून मी फुटले. मनात साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. बांगडा काढला, दोदोल काढला, कुत्र्याचं पोतं काढलं. शेवटी म्हटलं, "हा देश असा आहे. इथे दार लावून राहायचं. तसं राहायचं असेल तर राहा, नाहीतर गावी जा आणि बस तुझ्या बाल्कांवात मांजर घेऊन!"

कायतान खाली बघत होता. उलट उत्तर देईल म्हणून मी कंबर कसून उभी होते. तो एवढंच म्हणाला, "बरं. रविवारी पाठव मला."

मीही हट्टाला पेटले होते. मुलीला फोन करून रविवारचं तिकीट काढायला लावलं. ती म्हणाली, "ममा, नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की."

दुसऱ्या दिवसापासून दार बंद. बोळ मोकळा. घर कसं उबदार. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि माझं डोकं दुप्पट फिरलं. कारण कायतान रातोरात इंग्रज झाला. ताट पुढे ठेवलं की "थँक यू". बाजूने गेला की "सॉरी". "मी टीव्ही लावला तर चालेल का?" माझा भाऊ! ज्याने लहानपणी माझ्या ताटातली कोळंबी पळवली, तो मला मीठ घेऊ का म्हणून विचारतो! समोर माणूस हवं म्हणून आणलं होतं ना मी? समोर बसून खाली मान घालून पेज प्यायचा, बशी धुवायचा आणि वर जायचा. बेल वाजली तर हलायचा नाही. "कुणीतरी आलंय," मी म्हणायचे. "तुझं घर," तो म्हणायचा, "तू बघ." पार्सलवाला दोनदा ठोकून निघून जायचा.

जा म्हणून मीच सांगितलं होतं. आता नको जाऊ म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? बघता बघता शुक्रवार आला.

त्या शुक्रवारी मी दुपारी कामावरून आले. गुडघे ठणकत होते. कुलपात किल्ली फिरवली, दार ढकललं, तर ते चार बोटं उघडलं आणि धाडकन कशाला तरी आपटलं. फटीतून पाहिलं. कायतानची पेटी! बोटीच्या काळातली ती पत्र्याची पेटी त्याने वरून खाली आणून बोळात ठेवली होती, जिन्याची शेवटची पायरी आणि दार यांच्या बरोबर मधे. ना पुढे सरकत, ना मागे. रविवारी ऐनवेळी धावपळ नको म्हणून दोन दिवस आधीच तयारी. बोटीची शिस्त!

"कायतान!"

वरून घोरणं ऐकू आलं.

"कायतान, मेल्या, ऊठ!"

फोन लावला. फोन स्वयंपाकघरात वाजला. फटीतून मला नीट ऐकू येत होता. मागच्या गल्लीत गेले तर मागच्या फाटकाला आतून कडी, आणि भिंतीवर चढायला मी काय मांजर आहे? परत पुढे आले. दाराला दोन लाथा घातल्या. पेटी हलली नाही, माझाच गुडघा हलला. आणि दार लावून ठेव म्हणून बजावलं कुणी होतं? मीच. मग काय करणार, बसले पायरीवर. बोचरी थंडी, वर आभाळ काळवंडलेलं, आणि मी माझ्याच दारात भिकाऱ्यासारखी.

शेजारचं दार उघडलं. क्लाइव्ह. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी हवा सोडून कशावर बोलले नव्हते. मला पायरीवर पाहून तो म्हणाला, "कायतान गेला का?"

"कुठला गेला! झोपलाय. मी बाहेर अडकलेय."

त्याने मोठा श्वास सोडला. "दार बंद दिसलं इतके दिवस. मला वाटलं गावी गेला. निरोप न घेता जाणारा माणूस वाटला नव्हता तो." मग आत जाऊन बागेतली घडीची खुर्ची घेऊन आला आणि फूटपाथवर उघडून ठेवली. "बस. तुझ्या गुडघ्यांना पायरी चांगली नाही."

"माझ्या गुडघ्यांना?"

"डावा जास्त दुखतो ना?"

मेल्याने माझे गुडघे सगळ्या गल्लीत फिरवून आणले होते!

क्लाइव्ह भिंतीला टेकून उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पॅम कशी आहे? हल्ली दिसत नाही." मला वाटलं होतं, त्याची बायको तिच्या मुलीकडे राहायला गेली असेल.

क्लाइव्ह हळूच म्हणाला, "पॅमला जाऊन दोन हिवाळे झाले. कायतानने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, एकटाच आहेस का म्हणून. त्याआधी कुणी विचारलं नाही. लोकांना बरं वाटत नाही असं विचारायला."

आमच्या दोन घरांत एक भिंत आहे. त्या भिंतीतून मला त्याच्या घरातल्या बातम्या ऐकू येतात, किटलीची शिट्टी ऐकू येते. पॅम गेली ते ऐकू आलं नाही. गावी भिंतीपलीकडे मरण झालं असतं तर त्या घरची चूल पेटली नसती, आणि पहिली पेज माझ्या घरून गेली असती. मी त्या दोन हिवाळ्यांत त्याला काय म्हणत होते? आज गारठा आहे, उद्या ऊन पडेल म्हणतात.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"तू कामावर असतेस," तो म्हणाला. मला सावरून घेत होता बिचारा.

समोरून मॉरीन रस्ता ओलांडून आली. हातात चहाचा मग. "तू लिंडा ना? कायतानची बहीण." माझं नाव एर्मेलिंद, पण गोदामात सगळे लिंडाच म्हणतात; कायतानने तेही पोहोचवलं होतं. "तो बरा आहे ना? पोलिसांना फोन मीच केला होता. कोट नव्हता गं त्याच्या अंगावर. मला घोर लागून राहिला."

"अगं बाई!" मी उसळलेच. "पोलिसांना कशाला? रस्ता ओलांडून यायचं आणि माझं दार वाजवायचं!"

"दार नेहमी बंद असायचं तुझं," मॉरीन म्हणाली. "म्हटलं, तुला आवडायचं नाही."

चहा गरम होता. तो प्यायले. मॉरीन तिथेच थांबली. क्लाइव्हही थांबला. जाणारा एक पार्सलवाला मला खुर्चीत बसलेली पाहून थांबला आणि काही न विचारता एक खोकं माझ्या मांडीवर ठेवून गेला. पाहते तो कुत्र्याचं खाणं. मी सही ठोकली.

गल्लीतले दिवे लागले तेव्हा आत खरखर झाली. पेटी बाजूला फरफटली, दार उघडलं, आणि कायतान दिसला. डोळे चोळत, टोपी वाकडी. त्याने मला पाहिलं, माझ्या हातातला मग पाहिला, मांडीवरचं खोकं पाहिलं, क्लाइव्हला पाहिलं, मॉरीनला पाहिलं. आणि अगदी माझ्या आवाजात, माझ्यासारखेच कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अगो बाय, बाहेर काय बसलीस? पोलीस येतील! आत ये, दार लाव. गल्ली तापवतेस का?"

पायातला बूट काढून हाणावा असं वाटलं. पण खुर्चीतून उठवेना.

"ती पेटी आधी वर नेऊन ठेव," मी म्हटलं.

"रविवारी परत खाली आणावी लागेल."

"कायतान, पेटी वर ने म्हणून सांगितलं ना तुला! एकदा सांगितलेलं कळत नाही? आणि येताना तुझी खुर्ची आण. क्लाइव्ह कधीचा उभा आहे."

तो वळला आणि पेटीच्या कडीला हात घातला. एकट्याला झेपेना, तेव्हा क्लाइव्ह पुढे झाला आणि माझ्या घराचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडून आत गेला. दोघं धापा टाकत जिना चढत होते, आणि वरून कायतानचा आवाज येत होता, "जेवलास का रे दुपारी? काय जेवलास?"

दार सताड उघडं होतं. घरातली सगळी ऊब माझ्या पाठीवरून गल्लीत चालली होती. म्हटलं, जाऊ दे.